उचलणं

चिमण्याला पलंगावरून खुर्चीत घेताना तिची बोटं सुटली. त्याच्या पाठीमागे तिनं ती एकमेकांत घट्ट अडकवली होती, रोजच्यासारखीच, आणि त्याचं वजन अंगावर आलं तेव्हा ती आपली आपण उलगडली. चिमणा तिच्या पोटावरून, मांड्यांवरून घसरत खाली गेला आणि त्याच्याबरोबर तीही फरशीवर बसली. त्याचं डोकं तिच्या मांडीवर आलं म्हणून बरं, नाहीतर पलंगाचा लोखंडी कोपरा वीतभर अंतरावर होता. तिनं आधी त्याचं डोकं चाचपलं, मग कोपर, मग पाय. कुठं लागलं नव्हतं. चिमण्यानं खालून वर तिच्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. त्याला हा नवा खेळ वाटला होता. आपण हसलो नाही तर तो घाबरेल हे ठाऊक असल्यामुळे तीही हसली, आणि हसता हसता तिनं उठायचा प्रयत्न केला, तर पाय जागचे हलेनात. बधिर झाले नव्हते, दुखतही नव्हते. उठ म्हटल्यावर ते जरा विचार करून मग उठू पाहत होते, एवढंच. शेवटी तिनं प्रयत्न सोडला आणि पलंगाला पाठ टेकून, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, ती मावशींची वाट बघत बसली. मावशी म्हणजे ती कामावर गेल्यावर दिवसभर चिमण्याजवळ थांबणारी बाई; त्यांच्याकडे दाराची दुसरी किल्ली होती. खिडकीतून आलेल्या उन्हात पलंगाखालची धूळ दिसत होती. इथून खालून खोली कशी दिसते ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. चिमण्याला ती अशीच दिसत असावी, सगळं उंच, सगळ्यांच्या हनुवट्या आधी आणि डोळे नंतर.

तो जन्मला तेव्हा इतका लहान होता की बापाच्या मनगटापासून कोपरापर्यंत मावायचा. नर्स म्हणाली, अगदी चिमणीएवढा आहे हो, आणि तेच नाव राहिलं. आता त्याचे खांदे बापासारखे रुंद झाले होते, त्याची दाढी ती एक दिवसाआड करत असे, आणि तरी तो चिमणाच. बाप असता तर त्याला दाढीवाला चिमणा म्हणाला असता. बाप घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होता. लोकांची कपाटं, फ्रिज, एकदा तर तिसऱ्या मजल्यावरून एक आख्खा पियानो त्यानं खाली आणला होता. मुलाला कसं उचलायचं ते त्यानंच तिला शिकवलं. मुलगा चालणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं त्याच आठवड्यात त्यानं शिकवणी सुरू केली. आधी गुडघे वाकव, पाठ नको, वजन पोटाशी ओढ, मग पायांनी उठ. तेव्हा मूल कडेवर मावण्याएवढं होतं, आणि ती म्हणाली होती, याला उचलायला कसली आलीय शिकवणी. तो म्हणाला, आत्ता शीक, तो वाढत जाईल तशी तूही वाढत जाशील, कळणार नाही. तसंच झालं. बाकीच्या आयांची मुलं उतरून पळाली, हिच्या हातांवर तो वर्षावर्षानं भरत गेला. कपाट आणि चिमणा यांत काय फरक, असं ती नवऱ्याला कधी थट्टेनं विचारी, आणि तो विचार करून सांगे, कपाट मानेत तोंड खुपसत नाही. असा कपाटं उचलणारा माणूस एका सकाळी चहाचा कप उचलताना गेला. त्यानंतर मुलाला उचलणारी ती एकटीच उरली. पलंग ते खुर्ची, खुर्ची ते संडास, संडास ते न्हाणीघर, पुन्हा खुर्ची, पुन्हा पलंग. दिवसाचं मावशी शेजारणीला हाक मारून, दोघी मिळून कसंबसं निभवायच्या. बाकी सगळं तिचं. यातलं काहीच तिला कधी ओझं वाटलं नाही असं नाही. पण ओझं वाटायला सुद्धा उसंत लागते.

मावशी आल्या, खाली बसलेल्या दोघांना बघून आधी त्यांनी तोंडावर हात ठेवला, मग शेजारणीला बोलावलं, दोघींनी तिला उठवलं आणि तिघींनी मिळून चिमण्याला खुर्चीत बसवलं. ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा उशीर झाला होता. रक्ताच्या काचपट्ट्या तिच्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. सूक्ष्मदर्शकावर मान घालून रक्तपेशी बघणं हे तिचं काम. त्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आयुष्याचा अर्धा भाग खाली वाकून काच बघण्यात आणि उरलेला अर्धा खाली वाकून मुलगा उचलण्यात, असं ती त्या दिवशी मनाशी म्हणाली, आणि तेवढ्यात तिनं मान झुकवली, आणि विजेसारखी सणक पुन्हा मानेतून निघून पाठीच्या मधोमध सरसरत टाचांपर्यंत गेली. ही वीज तिला नवीन नव्हती. गेले कित्येक महिने ती येत होती आणि दर वेळी तिनं तिकडे कानाडोळा केला होता. ब्लाउजची हुकं लागेनाशी झाली तेव्हा तिनं पुढं बटणांचे सैल सदरे घ्यायला सुरुवात केली. मग बटणं लागेनाशी झाली. काचपट्टीवर ठेवायची ती नखाएवढी पातळ काच चिमटीत धरली आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागू लागलं. सही बदलली. अक्षर आधी गोल होतं, ते आता एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं झालं होतं. साखर असेल म्हणून तिनं दोनदा स्वतःचं रक्त तपासलं, आणि दोन्ही वेळा साखर नेहमीएवढीच निघाली तेव्हा तिला चक्क राग आला. साखर असती तर गोळी असती.

प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. दुपारी त्या तिच्या मागून व्हरांड्यातून येत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही भिंतीला हात लावून का चालता? ती म्हणाली, सवय. त्यांनी तिला आपल्या खोलीत नेलं, तिच्या गुडघ्यावर हलकेच हात आपटला, पाय ताडकन उडाला, आणि त्यांनी लगेच फोन उचलला. दुसऱ्या दिवशी ती मानेच्या एमआरआयसाठी त्या अरुंद नळीत आडवी पडली होती. आत हातोड्यांचा आवाज चालू होता आणि तिला फक्त एकच विचार सुचत होता, की घरी मावशी एकट्या आहेत.

सर्जन वयानं तिच्या धाकट्या भावाएवढा असेल. त्यानं तिला सरळ रेषेवर पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं, आणि ती दुसऱ्याच पावलाला कलली. त्यानं तिचं मधलं बोट धरून त्याच्या नखावर टिचकी मारली, आणि तिचा अंगठा आपणहून आत वळला. पुन्हा टिचकी, पुन्हा अंगठा वळला. स्वतःचा अंगठा दुसऱ्याचं ऐकतो हे ती बघत राहिली. मग त्यानं पडद्यावर चित्र लावलं. मानेच्या मणक्यांची उतरंड, आणि तिच्या आतून खाली जाणारी करडी पट्टी. ती पट्टी वर रुंद होती, खाली रुंद होती, आणि मध्ये तीन जागी कुणी चिमट्यात धरावी तशी दबलेली. सगळ्यांत दबलेल्या जागी आत एक पांढुरका डाग होता. आयुष्यभर तिनं लोकांच्या आतलं बघितलं होतं आणि वर चिठ्ठी लिहून पुढं सरकवलं होतं. हे चित्र तिला सरकवता येईना. सर्जननं सांगितलं, मज्जारज्जूला जी जागा लागते ती हाडांच्या आणि चकत्यांच्या वाढीनं अरुंद झाली आहे. मागच्या बाजूनं जाऊन जागा मोकळी करायची, आणि मान स्थिर राहावी म्हणून स्क्रू आणि सळ्या बसवायच्या. तिनं विचारलं, “मग हात पूर्वीसारखे होतील?”

“होतीलच असं मी म्हणणार नाही. थोडं सुधारतं, थोडं राहून जातं. जे अजून शाबूत आहे ते जाऊ नये, म्हणून करायचं.”

“आणि नाही केलं तर?”

“काहींचं आहे तिथंच थांबतं. तुमचं थांबलेलं नाही, हे तुम्हीच मला आत्ता सांगितलंत. आणि अशा मानेनं एकदा नुसतं जोरात पडलात, तरी एका दिवसात बरंच काही जाऊ शकतं.”

ऑपरेशनमध्येच हातपाय जाण्याचा धोका किती, हेही तिनं विचारलं. तो म्हणाला, थोडा, पण आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. तिला तो माणूस आवडला. मग तिनं मुलाचं सांगितलं. सर्जन हातातलं पेन फिरवायचा थांबला. वजन किती, असं त्यानं विचारलं. माझ्याहून जास्त, ती म्हणाली. तो म्हणाला, मग ते बंद; ऑपरेशन करा अगर करू नका, ते आजपासून बंद.

“नंतर? बरी झाल्यावर?”

“नंतरही नाही.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. लोक जात होते, येत होते, मुलांना कडेवर घेऊन, पिशव्या घेऊन, एक माणूस तर डोक्यावर गादीची वळकटी घेऊन. सगळं जग काही ना काही उचलून चाललं होतं. नंतरही नाही. ऑपरेशन न करता राहिलं तर ही मनाई म्हणजे एक सल्ला होता, आणि सल्ले तिनं आयुष्यभर ऐकून सोडून दिले होते. ऑपरेशन केलं की तीच मनाई स्क्रूंनी आणि सळ्यांनी तिच्या हाडात बसणार होती. आणि समजा ऑपरेशन फसलं, तर एका घरात दोन पलंग, आणि दोन्ही पलंगांवर दुसऱ्याच्या हाताची वाट बघणारी माणसं. तिला एकाएकी हसू आलं, कारण तिच्या मनात आलं होतं की तसं झालं तर निदान चिमण्याला सोबत होईल.

त्याच आठवड्यात भाऊ आला. भाऊ तिच्या पाठचा, दुसऱ्या गावात राहणारा, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. जे बोलायचं ते आधी मनात जुळवून मग बोलणारा. त्यानं चिमण्याला फिरवून आणलं, जेवताना पाणी वाढलं, आणि मग ताई, एवढंच म्हणाला. तेव्हाच तिला कळलं की हा संस्थेचं काढणार. त्यानं काढलं. शहराच्या टोकाला एक निवासी संस्था आहे, त्यानं स्वतः जाऊन पाहिली आहे, खोल्यांना मोठ्या खिडक्या आहेत, माणसांना उचलायला यंत्र आहे. ऑपरेशनपुरतं ठेवू, तो म्हणाला. त्या पुरतं या शब्दावर तो किंचित अडखळला आणि ते तिच्या लक्षात आलं. त्यानं आपल्या घरी न्यायचं म्हटलं नाही. त्याच्या घराला दोन जिने होते आणि बायको दम्याची. तिनं तशी अपेक्षा केली नव्हती, पण न म्हटलेलं ते वाक्य जेवणाच्या टेबलावर दोघांमध्ये बराच वेळ बसून राहिलं.

अशी एक संस्था तिनं नवऱ्याबरोबर फार पूर्वी पाहिली होती. चिमणा तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. भिंतीला लावलेले पलंग, फिनेलचा वास, आणि एका पलंगावरच्या मुलानं जाता जाता तिच्या पर्सचा पट्टा धरला. धरला तो सोडेना. तिथल्या बाईनं येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली, आणि ती सोडवत असताना तो मुलगा रडला नाही, ओरडला नाही, आपली बोटं कशी सुटताहेत ते तो लक्षपूर्वक बघत राहिला. घरी परतल्यावर जिन्यात नवरा म्हणाला, आपण आहोत तोवर नको. तेवढंच. पुढं या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. बोलायला लागू नये म्हणूनच त्यानं ते असं एका वाक्यात मिटवलं असावं. आता रोज संध्याकाळी ती ते वाक्य काढून बघत असे. आपण आहोत तोवर. त्यातला एक नव्हता. दुसरी होती, पण तिची बोटं नव्हती. मग आपण म्हणजे नेमकं किती माणूस उरलं की हे वाक्य चालू राहतं, आणि किती उरलं की संपतं? ज्याला विचारायचं तो नव्हता, आणि तो असता तर विचारायची वेळच आली नसती.

तिनं सर्जनला कळवलं की विचार करते. गळ्याभोवती पट्टा बांधला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन मान न हलवता खांदे मागं घ्यायला शिकली. सकाळ-संध्याकाळ मदतीला आणखी एक बाई ठेवली, आणि ती बाई उशिरा आली की मनातल्या मनात तिचे आभार मानून स्वतः चिमण्याच्या काखेत हात घालत असे. पट्टा त्याच्या गालाला टोचे आणि तो तोंड फिरवी. काही दिवस बरे गेले. बटण पहिल्या झटक्यात लागलं की तिला वाटे, उगाच घाबरवलं. दुसऱ्या दिवशी चमचा हातात असून तो कुठं पडला म्हणून ती शोधत असे. अशा वेळी माणूस स्वतःशी किती लबाडी करतो हे तिला माहीत होतं. प्रयोगशाळेत लोक विचारायचे, आकडा थोडाच जास्त आहे ना, आणि ती म्हणायची, डॉक्टरांना दाखवा. आपण कधी म्हणालो नाही, हो, थोडाच आहे, म्हणून. म्हणायला हवं होतं असं आता वाटे. कुणीतरी आपल्याला तसं म्हणावं असंही वाटे.

मग आंघोळीचा दिवस आला. म्हणजे आंघोळ रोजचीच, त्या दिवशी मावशी बाहेर टॉवेल काढत होत्या आणि चिमणा न्हाणीघरातल्या खुर्चीवर बसला होता. तिनं बादलीत हात घालून पाणी बघितलं, ठीक वाटलं, आणि तांब्या भरून त्याच्या खांद्यावर ओतला. चिमणा ओरडला. असा तो कधी ओरडला नव्हता. दुखलं तर तो कण्हायचा, रागावला तर थुंकायचा, पण हे गळ्याच्या फार आतून आलं, आणि त्याचं सगळं अंग खुर्चीत धनुष्यासारखं ताठ झालं. खांद्यावरून छातीपर्यंत एक लाल पट्टा उमटत गेला. मावशी धावत आल्या, त्यांनी बादलीत बोट घातलं आणि झटकन काढलं. अहो ताई, त्या एवढंच म्हणाल्या. त्या गार पाणी ओतत होत्या, तोवर तिनं पुन्हा बादलीत हात घातला. बोटांना ओलं लागलं. तळव्याला ओलं लागलं. तिनं बाही वर करून हात आणखी खाली नेला, आणि पाणी मनगटाच्या बरंच वर आलं तेव्हा चटका बसला. तिथं, त्या रेघेशी, तिचं शरीर सुरू होत होतं. त्याच्या खालचं सगळं हात दिसत होतं, पण चटक्याची बातमी आणत नव्हतं.

भाजलेलं फारसं नव्हतं. दोन-तीन दिवसांत लाली गेली, फोड एकच आला. पण दुसऱ्या दिवशी तिनं पाणी आणलं, मावशींनी तपासलेलं, गार म्हणावं इतकं कोमट, आणि तांब्या उचलला, तेव्हा चिमण्यानं डोळे मिटून घेतले आणि खांदा आत ओढला. तो ओरडला नाही. त्यानं नुसती तयारी केली. ज्या हातांना तो आजवर काहीही न बघता स्वाधीन होत आला होता त्या हातांसाठी त्यानं तयारी केली. तिनं तांब्या मावशींच्या हातात दिला, बाहेर येऊन ओल्या हातांनीच सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला, आणि तारीख मागितली. मग भावाला लावला. ती म्हणाली, “तू बघितलीस ती जागा. खिडक्या म्हणालास, त्या कुठल्या बाजूला आहेत?” भाऊ म्हणाला, पूर्वेला. मग चालेल, ती म्हणाली, त्याला सकाळचं ऊन आवडतं.

निघायच्या सकाळी मावशी, दुसरी बाई आणि भाऊ, तिघं होती. तिनं मनात धरलं होतं की शेवटचं एकदा आपण उचलू, सगळ्यांसमोर नाही, जरा आधी, हळूच. ती पलंगापाशी गेलीही. गुडघे वाकवले, हात त्याच्या काखेखाली घातले, त्याचा गाल गळ्याच्या पट्ट्याला लागला. आणि तिला तो धनुष्यासारखा ताठ झालेला देह आठवला आणि तिनं हात काढून घेतले. शेवटचं उचलणं होऊन गेलं होतं. कुठल्या तरी साध्या दिवशी, कामाच्या गडबडीत, बहुधा डाळीची शिट्टी मोजत, आपण त्याला नीट उचलून नीट ठेवलं असेल, आणि तेच शेवटचं होतं हे त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. तिला ते आठवेना. दिवस कुठला, त्यानं काय घातलं होतं, काहीच नाही. ती पलंगाच्या कडेवर बसून त्याचे केस विंचरत राहिली, भाऊ दारात येऊन उभा राहीपर्यंत.

संस्थेत खिडक्या खरंच मोठ्या होत्या. चिमण्याला सांभाळणार होता तो आडव्या बांध्याचा मध्यमवयीन माणूस होता आणि त्याला तिथं सगळेच दादा म्हणत. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो उजव्या कुशीवर झोपतो. खोकला आला की आधी डावा खांदा उचलायचा. दाढी करताना गाल फुगवायला सांगितलं की फुगवतो. अं म्हणजे पाणी, अंअं म्हणजे नको, दीर्घ आ म्हणजे मी, आणि आई हा शब्द सरळ आहे. दादा मान डोलवत ऐकत होता, आणि त्याच्या डोलणाऱ्या मानेकडे बघून तिला वाटलं, सांगण्यासारखं एवढंच होतं? इतक्या वर्षांचं, आणि उभ्या उभ्या सांगून झालं? चिमणा रडेल असं तिला वाटत होतं; खरं म्हणजे तो रडावा असं वाटत होतं, आणि तो रडला तर आपण त्याला परत नेऊ हेही तिला पक्कं माहीत होतं. पण समोरच्या भिंतीवर उन्हात पानांच्या सावल्या हलत होत्या आणि तो त्या बघण्यात गुंग होता. ती निघाली तेव्हा त्यानं वळून पाहिलं नाही. रात्री रडला, असं दादानं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. चार दिवस नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी ती ऑपरेशनच्या टेबलावर होती, त्यामुळे पुढचं तिला कळलं नाही.

शुद्धीवर आली तेव्हा कुणीतरी तिला पायाची बोटं हलवायला सांगत होतं. हलवली. हाताची. हलवली. भाऊ काचेच्या पलीकडे रडत होता आणि तिला वाटत होतं, हा का रडतो, हलली की. मानेत कुणी विटा रचून ठेवल्यासारखं जड होतं. पुढचे आठवडे ती भावाकडे राहिली, त्याच दोन जिन्यांच्या घरात, आणि भावाच्या बायकोनं दम्याचा फवारा खिशात ठेवून तिचं सगळं केलं. हळूहळू डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला काहीतरी कळू लागलं. एका दुपारी चादरीवरची शिवण बोटाला लागली, डोळ्यांनी न बघता लागली, आणि ती कितीतरी वेळ ती शिवण चाचपत राहिली. उजवा हात तसाच राहिला. चाल राठच राहिली, पण आणखी बिघडायची थांबली. सर्जननं नवीन चित्र दाखवलं. करड्या पट्टीभोवती आता जागा होती, डाग मात्र होता तिथंच होता. चांगलं झालंय, तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, मुलगा कसा आहे? ती म्हणाली, उद्या जाणार आहे.

भाऊ तिला घेऊन गेला. तिला खुर्चीत बसवून तो गाडी लावायला बाहेर गेला. गळ्याला कडक पट्टा, मान वळायची नाही, वाकायची नाही; फोटोला बसल्यासारखी ती ताठ बसली होती. पलीकडे दादा चिमण्याला झोळीत घेत होता. यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला, झोळी वर आली, आणि चिमणा हवेत उचलला गेला, पाय लोंबकळत, हळूच अर्धा फेरा फिरत. त्याला भीती वाटत नव्हती. त्याचा चेहरा झोपाळ्यावर बसलेल्या मुलासारखा होता. दादानं त्याला चाकाच्या खुर्चीत उतरवलं, पट्टा लावला आणि तिच्या समोर आणलं. चिमण्यानं तिला पाहिलं आणि आई म्हटलं, सरळ, स्वच्छ. मग तो तिच्या गळ्याच्या पट्ट्याकडे बघत बसला. तो जरा भरला होता. भांग दुसऱ्या बाजूला पाडलेला होता. ती पुढं झुकू शकत नव्हती, म्हणून दादानं खुर्ची आणखी जवळ सरकवली, आणि तिनं डावा हात त्याच्या गालावर ठेवला. दाढी आदल्या दिवशी केलेली होती. खुंट बोटाला कळले. त्याच्या अंगाला वेगळ्या साबणाचा वास येत होता. तिनं त्याला कुस्करलेलं केळं भरवलं, त्यानं खाल्लं, आणि प्रत्येक घासानंतर त्यानं दादाकडे पाहिलं, बरोबर चाललंय ना, असं.

मग त्यानं काहीतरी म्हटलं. तिला ते नीट ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. काय रे, असं तिनं विचारलं. त्यानं पुन्हा म्हटलं, घुई. त्याचे सगळे शब्द तिला माहीत होते. बहुतेक तिनंच त्याच्या तोंडातल्या आवाजांतून निवडून ठरवलेले होते. हा त्यांतला नव्हता. चिमणा आता अधीर झाला, खुर्चीच्या हातावर मूठ आपटत म्हणाला, आई घुई, आई घुई. ती त्याच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे, मुठीकडे बघत राहिली, आणि मग तिला दादाकडे वळायचं होतं, पण मान वळेना, म्हणून तिनं सगळं शरीर खुर्चीत फिरवलं.

“म्हणजे काय हो?”

दादा जरा संकोचला. “यंत्राला म्हणतो तो. आवाज येतो ना तसा. तुम्ही मघापासून हलला नाहीत, उठला नाहीत. तुम्हाला उचलायला सांगतोय मला.”

“सांगा त्याला,” ती म्हणाली, “मला उठता येतं म्हणून,” आणि मग, आपल्याच मुलाला सांगायला आपण दुसऱ्याला सांगतोय, हे तिच्या ध्यानात आलं. चिमण्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो दादाकडे बघत होता, आणि उत्तराची वाट पाहत होता.